लाइट गेल्यावर पेटीत कोण जागं असतं?

त्या आठवड्यात थ्री फेजची पाळी रात्रीची होती. कामथडीला मामांच्या विहिरीवर, मोटरच्या खोलीत मी आणि मामेभाऊ घोंगडी पांघरून बसलो होतो. पुणे-सातारा रस्त्यावरचे ट्रक सोडले तर सगळं सामसूम. दीडच्या सुमारास खोलीतला दिवा लागला. लाइट आली, पण मोटर हलेना. तेवढ्यात घरून मामांचा फोन.

"लाइट आली का रं?"

"आली, मामा."

"मग मोटर?"

"थांबा जरा. पेटी मोजतीय अजून."

मामांनी फोन ठेवला. मी मोबाइलवर सेकंद बघत होतो. बरोबर सत्तराव्या सेकंदाला भिंतीवरच्या पेटीत खट्ट वाजलं, मोटर घुमली आणि पाइपात पाणी चढल्याचा तो ओळखीचा खळखळाट आला.

शेतात विहीर असलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. ऑटोस्विच आता बांधाबांधावर आहेत. पण जरा विचार केला की कोडं पडतं. संध्याकाळपासून वीज नव्हती. पेटीत बॅटरी नाही, म्हणजे इतके तास ती पार मेलेली होती. मग आपण 'ऑटो'वर ठेवलेलो आहोत हे तिला आठवलं कसं? सत्तर सेकंद मोजले कुणी? आणि विहिरीत पाणी आहे, तिन्ही फेज नीट आहेत, हे न बघताच तिला कळलं कसं?

आमची पेटी विकतची नाही. मामेभावाने डिप्लोमाला असताना ती घरीच बनवली, पुण्याला तपकीर गल्लीत चार खेपा घालून सुटे भाग आणले. त्यामुळे ती उघडून बघायला अडचण नाही, आणि तिच्या चुकाही आमच्या घरच्याच.

अठ्ठावीस पायांची गोम

उघडण्याआधी मेन स्विच पाडायचा. आत ४१५ व्होल्ट खेळतात, तिथे कुतूहल कामाचं नाही. झाकण काढलं की हिरवी पट्टी दिसते आणि तिच्या मधोमध एक काळा तुकडा, दोन्ही बाजूंना चौदा-चौदा पाय. मामी पहिल्यांदा बघून म्हणाल्या होत्या, "अगं बाई, गोमच की ही!" त्या पायांना म्हणतात पिना, आणि गोमेला म्हणतात मायक्रोकंट्रोलर.

प्रोसेसर हा शब्द आपण मोबाइलच्या जाहिरातीत ऐकतो. तो फक्त हिशेब करतो. त्याला स्मरणशक्ती शेजारच्या चिपांकडून उसनी घ्यावी लागते, बाहेरच्या जगाशी बोलायलाही मध्यस्थ लागतो. मायक्रोकंट्रोलरचं मात्र पाठीवर बिऱ्हाड: हिशेबनीस, स्मरणशक्ती, घड्याळाची यंत्रणा आणि बाहेर बोलायच्या पिना, सगळं एकाच तुकड्यात. हिशेबाला तो मोबाइलच्या प्रोसेसरपुढे अगदीच सामान्य. पण एकच काम वर्षानुवर्षं, न कंटाळता करायचं असेल तर असा गडी शोधून सापडणार नाही.

इंटेलचा ४००४ हा प्रोसेसर १९७१ साली एका जपानी कॅल्क्युलेटर कंपनीसाठी तयार झाला. त्यात सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. सगळं बिऱ्हाड एकाच चिपमध्ये असलेला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएमएस-१००० हा १९७४ साली बाजारात आला. १९८० साली आलेला इंटेलचा ८०५१ तर महाराष्ट्रात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्या जवळजवळ प्रत्येकाने परीक्षेसाठी घोकलेला आहे. आमच्या पेटीतली गोम आहे एटमेगा-३२८. इटलीतल्या इव्रेया गावी २००५ साली जन्मलेल्या अर्डुइनो या शिकाऊ बोर्डामुळे तिचं घराणं जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती पोचलं. तिचीच भावंडं आपल्या वॉशिंग मशीनमध्ये, टीव्हीच्या रिमोटमध्ये आणि दारावरच्या वीजमीटरमध्ये बसलेली असतात.

दारं उघडं की बंद

पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचं तर आपण दारं मोडतो. खोऱ्याने मूठभर माती इकडची तिकडे केली की सगळा लोट वळतो. ट्रान्झिस्टर हे विजेचं दारं. त्याच्या एका पायाला किंचित वीज दिली की दुसऱ्या दोन पायांमधून मोठी वीज वाहू लागते. ती काढून घेतली की थांबते. या गोमेच्या पोटात अशी लाखो दारं आहेत आणि त्यांना उघडं-बंद यापलीकडे काही येत नाही. उघडं म्हणजे १, बंद म्हणजे ०. या एका हो-नाहीला म्हणतात बिट, आणि अशा हो-नाहीवर चालणाऱ्या कारभाराला डिजिटल.

विहिरीतलं पाणी मात्र असं नसतं. ते आठ फूट असेल, सव्वाआठ असेल, त्यामधलं काहीही असेल. अशा सलग बदलणाऱ्या गोष्टीला ॲनलॉग म्हणतात.

दोनच उत्तरं ठेवण्यात हशील काय? गोंगाटात ऐकू येणं. आमची चिप पाच व्होल्टवर चालते. पिनेवर दीड व्होल्टच्या आत काही असलं तर ती ० समजते, तीनच्या वर असलं तर १. म्हणजे तार लांब आहे, शेजारी मोटर घुमतेय, म्हणून पाचाचे चार झाले तरी निरोप बिघडत नाही. हायवेच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला लांबलचक वाक्य सांगू नये, नुसती मान हलवावी, तसं.

दीड आणि तीनच्या मधे मात्र चिपचा भरवसा नाही. कुठेच न जोडलेली पिन तर कडी न लावलेल्या दारासारखी वाऱ्यावर आपटत राहते, घडीत १, घडीत ०. म्हणून तिला एक रोधक लावून पाच व्होल्टकडे हलकेच ओढून ठेवतात. याचं नाव पुल-अप. दाराला स्प्रिंग लावावी तसं. आमच्या विहिरीत सोडलेल्या दोन तारा अशाच आहेत. पाणी नसेल तर स्प्रिंगमुळे पिन १ वर. पाण्याने दोन्ही तारा गाठल्या की विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यातून वीज वाहते, पिन खाली ओढली जाते आणि ० वाचते. इथे पाणी आहे म्हणजे शून्य, हे उलटं वाटतं खरं. मला सवय व्हायला आठवडा लागला.

चिपटं, मापटं, शेर

नुसत्या शून्य-एकाने सत्तर कसे मोजायचे? भोर-वेल्ह्याच्या भातपट्ट्यातल्या जुन्या घरांना हे शिकवायला नको. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशिरी, दोन अडशिऱ्यांची पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. चिपटं १ धरलं तर मापटं २, शेर ४, अडशिरी ८ आणि पायली १६.

आता घरात प्रत्येक माप एकेकच आहे, आणि तेरा चिपटी तांदूळ द्यायचे आहेत. अडशिरी भरली, आठ झाले. शेर भरला, बारा झाले. चिपटं भरलं, तेरा. पायली आणि मापटं रिकामी राहिली. मोठ्या मापापासून लहानापर्यंत भरलं असेल तिथे १ आणि रिकामं तिथे ० लिहा: ०११०१. चिप तेरा हा आकडा असाच लिहिते. या पाच मापांत शून्यापासून एकतीसपर्यंत काहीही मोजता येतं, आणि कोणताही आकडा एकाच रीतीने. द्विमान पद्धतीला मुलं जितकी घाबरतात तितकं आजीच्या मापांना कुणी घाबरल्याचं मी पाहिलेलं नाही.

वृत्तं शिकताना तीन अक्षरांचे आठ गण पाठ केलेत ना? लघू किंवा गुरू, तीन जागा, म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन. न गण म्हणजे तिन्ही लघू, म गण म्हणजे तिन्ही गुरू, बाकीचे सहा मधले. तीन बिटांचं गणितही हेच.

आठ बिटांच्या जुडीला म्हणतात बाइट. आठ मापं, म्हणून ० ते २५५. आमची चिप आठ बिटांची आहे म्हणजे ती एका घासात एवढाच आकडा खाते. मोठा आकडा असेल तर दोन किंवा चार बाइट जोडून घ्यायचे. हे न केल्याचा फटका आम्हाला बसला. सुरुवातीला मामा म्हणाले, "लाइट आल्यावर पाच मिनिटं थांबू दे, वर-खाली होती ती." भावाने ३०० सेकंद टाकले, पण साठवायला जागा दिली एकाच बाइटची. मोटर सुरू झाली ती ४४व्या सेकंदाला! दोन दिवस आम्ही तारा तपासत बसलो. तारांचा काही दोष नव्हता. ३०० मधून २५६ गेले की ४४ उरतात. मापं भरून सांडलेलं सगळं वाया गेलं होतं. याला ओव्हरफ्लो म्हणतात.

फेज मोजायचा कसा

फेज आहे की नाही, हा तर सरळ हो-नाहीचा प्रश्न वाटतो. तो तसा नाही. मोटर फिरत असताना एक फेज उडाला तर ती उरलेल्या दोनवर कण्हत फिरत राहते, आणि फिरता फिरता स्वतःच त्या मेलेल्या तारेवर वीज उभी करते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, फेज आहे. मोटर तिकडे आतून जळत असते. म्हणून नुसतं 'आहे का' विचारून भागत नाही, 'किती आहे' विचारावं लागतं.

त्यासाठी मोठा दाब उतरवून पाच व्होल्टच्या आत आणतात आणि एका खास पिनेवर देतात. तिच्या मागे एडीसी नावाचा मापाडी बसलेला असतो. ॲनलॉग दाब घ्यायचा आणि आकडा सांगायचा, एवढंच त्याचं काम. आमचा मापाडी दहा बिटांचा, म्हणजे शून्य व्होल्टला ० आणि पाचाला १०२३. मधल्या प्रत्येक पायरीला जेमतेम पाच हजारांश व्होल्ट. आमच्या पेटीत चांगला फेज सातशेच्या आसपास वाचतो. तिघांतला एखादा बाकीच्यांपेक्षा बराच खाली गेला की चिप मोटर पाडते.

मग निर्णय. पहिला फेज ठीक आणि दुसरा ठीक आणि तिसरा ठीक आणि विहिरीत पाणी आहे आणि ऑटोवर आहे, तरच चालू. फेज बिघडला किंवा पाणी सरलं किंवा लाल बटण दाबलं, तर बंद. या 'आणि', 'किंवा' आणि 'नाही' यांना गेट म्हणतात. 'आणि' म्हणजे एका कडीला लागोपाठ दोन कुलपं: दोन्ही उघडली तरच दार उघडतं. 'किंवा' म्हणजे एकाच खोलीला दोन दारं. अशा शब्दांचं बीजगणित जॉर्ज बूलने १८५४ साली मांडलं (त्याची बायको मेरी ही आपल्या भारताची मोजणी करणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी), आणि १९३७ साली क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याने दाखवून दिलं की विजेच्या स्विचांनीही तेच गणित करता येतं.

पाटी, वही आणि पंचांग

आता मूळ कोडं. गोमेच्या पोटात तीन तऱ्हेची स्मरणशक्ती असते आणि त्यांचे स्वभाव अगदी वेगळे.

पहिली फ्लॅश, म्हणजे छापील पंचांग. काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं, तो सगळा प्रोग्राम इथे. लॅपटॉपला जोडून एकदा उतरवला की वीज असो-नसो, राहतो. आमच्या चिपमध्ये तो ३२ केबी, म्हणजे ३२,७६८ बाइट.

दुसरी रॅम, म्हणजे पाटी. आत्ता कितवा सेकंद, फेजचा आकडा किती, हे सगळं इथे लिहायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. फक्त २०४८ बाइट. लाइट गेली की पाटी कोरी.

तिसरी ईईप्रॉम, म्हणजे छोटी वही. तिच्यात १०२४ बाइट मावतात. ऑटो की मॅन्युअल, किती सेकंद थांबायचं, असल्या मोजक्या नोंदी त्यात. वीज गेली तरी वहीतलं पुसत नाही.

तर लाइट गेल्यावर पेटीत जागं कोणीच नसतं. लाइट आली की चिप नव्याने जन्मते; याला रीसेट म्हणतात. पंचांगाचं पहिलं पान उघडते. तिथे लिहिलेलं असतं: आधी वही बघ. वहीत असतं: ऑटो, ७०. मग कोऱ्या पाटीवर शून्य लिहून ती मोजायला लागते. आपण संध्याकाळी मेलो होतो की गेल्या दिवाळीला, याचा तिला पत्ता नसतो.

वहीची एक गोची आहे. तिच्या एकेका जागेवर साधारण एक लाख वेळाच खाडाखोड करता येते. मामेभावाच्या डोक्यात आलं होतं की चालू सेकंदही वहीत लिहीत जाऊ. दर सेकंदाला एक नोंद, म्हणजे लाख नोंदी अठ्ठावीस तासांच्या आत संपल्या असत्या. वेळीच कुणीतरी अडवलं.

*चौकट : तपकीर गल्लीत विचारताना*

*क्रिस्टल: चिपचा ताल धरणारा गारेचा तुकडा, चकचकीत डबीत.*
*रिले: छोट्या विजेने हलणारा स्विच.*
*ऑप्टोकपलर: दोन बाजूंत तार न जोडता उजेडाने निरोप देणारी छोटी चिप.*
*रेग्युलेटर: चढउतार गिळून नेमके पाच व्होल्ट देणारा.*
*आयसी बेस: चिप बसवायची खुर्ची. हा विसरू नका. नाहीतर चिप जळली की अठ्ठावीस पाय डाग काढून सोडवावे लागतात.*

ताल, शिट्टी आणि राखण

सत्तर सेकंद मोजायला ताल लागतो. तो क्रिस्टल देतो. गारगोटीच्या जातीच्या क्वार्ट्झच्या पातळ चकतीला वीज दिली की ती ठरावीक वेगाने थरथरते. आमची सेकंदाला १ कोटी ६० लाख वेळा, म्हणजे १६ मेगाहर्ट्झ. सत्तर सेकंदांत ११२ कोटी ठोके होतात. एवढे मोजण्यापेक्षा चिप ठोक्यांना भाग देत देत सावकाश ताल करून घेते. मनगटी घड्याळातलं क्रिस्टल ३२,७६८ वेळा थरथरतं, तेही उगाच नाही. त्याला पंधरा वेळा निम्मं केलं की नेमका एक उरतो. पायलीवरून चिपट्याकडे उतरत जावं तसं.

दूध तापायला ठेवलं की आपण समोर उभं राहून सारखं बघतो, याला पोलिंग म्हणतात. कुकर लावला की दुसरं काम करतो आणि शिट्टी झाली की धावतो. ती शिट्टी म्हणजे इंटरप्ट. पाण्याची तार आमची पेटी अधूनमधून बघते, घाई नसते. लाल बटण मात्र शिट्टीला जोडलंय.

बटणाचीही गंमत आहे. डब्याचं झाकण फरशीवर पडलं की ते एकदा वाजत नाही, थडथडत बसतं. बटणाच्या आतले पत्रेही तसेच थडथडतात, काही हजारांश सेकंद. आपल्याला एक दाब, चिपला सात. म्हणून पहिल्या दाबानंतर थोडं थांबून मगच खरं धरायचं, हे डिबाउन्सिंग.

आणि प्रोग्रामच कुठे अडकून पडला तर? रानडुकरांसाठी माळ्यावर राखणीला बसलेला माणूस मधूनमधून हाळी देतो. बराच वेळ हाळी आली नाही की खालचा समजतो, गडी झोपला, आणि जाऊन हलवतो. चिपमध्ये वॉचडॉग नावाचा असाच एक खालचा माणूस आहे. ठरल्या वेळात हाळी आली नाही की तो सरळ रीसेट करतो.

खट्ट खट्ट खट्ट

चिपच्या पिनेतून निघते वीस मिलिअँपिअर वीज, एक छोटा दिवा पेटेल इतकी. पाच एचपीच्या मोटरला लागतात साडेसात अँपिअरच्या आसपास. मधे उतरंड लागते: पिन ट्रान्झिस्टर उघडते, ट्रान्झिस्टर रिले ओढतो, रिले स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची कॉइल भरतो, आणि कॉन्टॅक्टर मोटरला जोडतो. आपण ऐकतो ते खट्ट त्या शेवटच्याचं. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं 'नॅनो गणेश' मोबाइलवरून पंप चालवतं तेव्हाही मोटरपाशी शेवटी कॉन्टॅक्टरच ओढायचा असतो. हुकूम तेवढा फोनवरून येतो.

आमची पेटी पहिल्या रात्री मोजून झाल्यावर खट्ट वाजली, लगेच पडली, पुन्हा मोजायला लागली, पुन्हा खट्ट. कॉन्टॅक्टरची कॉइल हलताना विजेचा जो झटका उसळतो तो तारांमधून चिपपर्यंत जाई आणि तिला रीसेट करी. नवा जन्म, नवी पाटी, पुन्हा शून्यापासून. शेवटी कॉइलवर रोधक आणि कपॅसिटरची जोडी टाकली, आणि चिप व रिले यांच्या मधे ऑप्टोकपलर घातला. त्यात एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारा ट्रान्झिस्टर, मधे तारेचा संबंध नाही. राजगडावरून तोरण्याकडे बॅटरीचा झोत मारावा. निरोप जातो, मधली दरी तशीच राहते.

सत्तरच का

मोटर सुरू होताना चालत्यापेक्षा पाच-सात पट वीज ओढते. एका डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी लाइट आल्याबरोबर उठल्या तर फ्यूज उडणारच. महावितरण शेतकऱ्यांना ऑटोस्विच काढा, कपॅसिटर लावा, असं वारंवार सांगतं ते यासाठी. थांबण्याची सोय असली तरी, सगळ्यांच्या पेट्या कारखान्यातून तीसवरच लावून आल्या तर संकट तीस सेकंदांनी पुढे गेलं, एवढंच. शेजारच्या विहिरीवर दुसरी पेटी आहे हे एकाही चिपला ठाऊक नसतं.

म्हणून आमच्या डीपीवरच्या मंडळींनी पारावर बसून ठरवलं. वरच्या शिवारापासून धरायचं, एकेकाला दहा-दहा सेकंद. मामांचा नंबर सातवा. आठवा त्यांच्या चुलत्यांचा. ते पेटी बसवूनही अजून रात्री बॅटरी घेऊन येतात आणि स्टार्टरचं हिरवं बटण स्वतःच्या अंगठ्याने दाबतात.